बायकोसाठी पहिला फ्लाय रॉड घेताय? आधी त्यांच्या हातात तीन रॉड देऊन बघा

खारघरचे दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं की तुम्ही स्वतः काही वर्षं फ्लाय फिशिंग (पिसांच्या नकली किड्याने मासेमारी) करताय, एप्रिलमध्ये दोघं हिमाचलमधल्या तीर्थन व्हॅलीला जाणार, वहिनींना पहिल्यांदाच शिकायचंय आणि लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना रॉड द्यायचा विचार आहे. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत. तुमचा जुना नऊ फुटी ६ वेटचा फास्ट रॉड त्यांना द्यायचा आणि स्वतःला नवा घ्यायचा, नाहीतर त्यांच्यासाठी साडेसात फुटी छोटा हलका रॉड मागवायचा, नाहीतर ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मिळतो तो रॉड-रील-लाइनचा सेट घ्यायचा म्हणजे नाही आवडलं तरी फार पैसे गेले असं होणार नाही. माझं मत विचाराल तर तिन्ही नको. का नको ते जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न मला ठाण्यात सतत विचारला जातो. मी इथे सकाळी मैदानावर नवीन लोकांना कास्टिंग (लाइन फेकणं) शिकवते, आणि शिकायला येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी नवऱ्याने नाहीतर वडिलांनी दिलेला रॉड घेऊनच येतात.

खरा प्रश्न कोणता रॉड चांगला हा नाहीये. पहिल्या चार-पाच सकाळी मैदानावर उभं राहिल्यावर वहिनींना हातात काही जाणवतंय की नाही, हा आहे. मासा फार नंतर येतो. सुरुवातीला माणूस टिकतं ते त्या एका जाणिवेवर, की मागे गेलेली लाइन सरळ झाली, रॉड वाकला, आता पुढे न्यायचा. ती जाणीव पहिल्या-दुसऱ्या दिवशी मिळाली तर माणूस स्वतःहून तिसऱ्या दिवशी येतं. नाही मिळाली तर "जमतच नाही मला" असं म्हणून रॉड कपाटावर जातो, आणि त्यात त्यांचा दोष काहीच नसतो.

तुम्हाला माहीत असेलच पण वहिनी वाचणार असतील तर त्यांच्यासाठी सांगते. साध्या गळाच्या काठीला वजन असतं ते शिशाला किंवा आमिषाला, ते वजन फेकलं की दोरा मागोमाग जातो. फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि दोऱ्याचा गुंडाळा तो, म्हणून इथे वजन लाइनला दिलेलं असतं आणि आपण लाइनच फेकतो. दोरीवर वाळत घालायच्या आधी आपण ओला टॉवेल झटकतो ना, हळू सुरू करून वेग वाढवत नेतो आणि एकदम थांबतो आणि थांबल्यावर टोक फटकन सुटतं, अगदी तसंच. जोर लावून टॉवेल सुटत नाही, थांबल्यामुळे सुटतो. रॉडचं काम एवढंच की त्या वेगात वाकायचं आणि आपण थांबलो की सरळ होत लाइनला पुढे ढकलायचं.

आता वाकायला वजन लागतं, आणि "५ वेट", "६ वेट" हे आकडे त्याचेच. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन किती यावरून तो नंबर ठरतो. ५ वेटची लाइन म्हणजे १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ६ ची १६० ग्रेन, ८ ची २१० ग्रेन म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. ३० फूट लाइन बाहेर असेल तेव्हा एवढं वजन रॉडवर येणार असं धरून रॉड बनवलेला असतो. पण नवीन माणूस सुरुवातीला २० फूटच लाइन बाहेर काढतं, म्हणजे वजन आणखी कमी, आणि तीर्थनसारख्या दगडाधोंड्यांच्या नदीत तुम्हीसुद्धा बरेचदा २०-३५ फुटांच्या आतच टाकता. एवढ्या कमी लाइनवर वाकणारा रॉड पाहिजे, बाकी सगळं यावरून ठरतं.

तुमचा जुना रॉड का नको ते इथेच आलं. फास्ट अ‍ॅक्शन म्हणजे फक्त वरचं टोक वाकतं, खालचा भाग ताठ राहतो. तुमच्यासारख्या हात बसलेल्या माणसाला त्यातून लांब आणि वाऱ्यात मारता येतं, पण कधी थांबायचं याची वेळ त्यात फार कडक असते आणि जवळच्या कास्टला तो वाकतच नाही. मग नवीन माणूस काय करतं, काही जाणवत नाही म्हणून जोर लावतं, मनगट मागे पार कोलमडतं, लाइन मागे गवतात पडते, पुढे येताना गाठी पडतात. आपण बाजूला उभे राहून "मनगट नको वाकवू" म्हणत राहतो पण मनगट वाकायचं मूळ कारण हातातला रॉड असतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, राग मानू नका. स्वतःला नवा आणि बायकोला जुना हे समीकरण, ते भेट म्हणून दिलं तर, कितीही चांगल्या मनाने दिलं तरी पोचतं वेगळंच. शिवाय वापरलेल्या रॉडची ग्रिप तुमच्या हाताने दाबली गेलेली असते. अर्थात वहिनींनी स्वतःच तो उचलला असेल, त्यांना आवडला असेल, तर जरूर द्या. त्यावेळी एक करा, त्यावर ६ ऐवजी ७ वेटची लाइन चढवा, एक नंबर वरची लाइन लावली की फास्ट रॉडसुद्धा जवळच्या अंतरावर वाकायला लागतो आणि शिकणाऱ्याला जाणवायला लागतं. हा जुना उपाय आहे, चालतो. पण हल्ली बऱ्याच कंपन्या लाइन आधीच नंबरपेक्षा जड बनवतात, त्यामुळे डब्यावर ग्रेन किती लिहिलेत ते बघून घ्या, नाहीतर दोन नंबर वर गेलात तर रॉड लोंबायला लागेल.

दुसरा पर्याय, छोटा लेडीज रॉड. बायकांना छोटा रॉड पाहिजे, हलका पाहिजे, ही समजूत कुठून आली देव जाणे पण ती चुकीची आहे आणि मला तिचा खरोखर त्रास होतो. ताकदीचा प्रश्नच नाही इथे. अमेरिकेतल्या जोन वुल्फ बाईंनी १९५१ मध्ये लांब फेकण्याच्या एका स्पर्धेत समोर सगळे पुरुष असताना पहिला नंबर काढला, १९६० मध्ये त्यांनी १६१ फूट फेकलं, आणि पुढे आयुष्यभर कास्टिंग शिकवलं. मॅक्सीन मॅककॉर्मिक नावाची सॅन फ्रान्सिस्कोची मुलगी १२ वर्षांची असताना २०१६ मध्ये जागतिक स्पर्धेत अचूकतेच्या प्रकारात जिंकली. बारा वर्षांच्या मुलीच्या दंडात किती ताकद असणार?

उलट छोटा रॉड शिकायला अवघड. नऊ फुटी रॉडने मागची लाइन उंच राहते, गवताला लागत नाही. पाण्यावर पडलेली लाइन प्रवाहाने ओढली जाते ती उचलून परत मागे टाकायला, तुम्ही मेंडिंग म्हणता ते, लांबी उपयोगी पडते. दगडावर उभं राहून मधल्या जोराच्या धारेवरून लाइन उचलून पलीकडच्या संथ पाण्यात फ्लाय ठेवायचा असेल तर दीड फुटाचा फरक मोठा असतो. हे मात्र मान्य की जागेवर अवलंबून आहे. तुम्ही मुख्य नदी सोडून बाजूच्या अरुंद, वरून झाडांनी झाकलेल्या नाल्यांतच जाणार असाल तर साडेसात-आठ फुटीच बरा. पण पहिला आणि सध्या एकच रॉड म्हणून तो नको.

तिसरा पर्याय, सगळ्यात स्वस्त सेट. त्यातला रॉड बहुतेक वेळा चालून जातो हो, फसवते ती लाइन. स्वस्त लाइन कडक असते, रीलवरून निघाली की स्प्रिंगसारखी वेटोळी राहते, पाण्यावर नीट तरंगत नाही, आणि कधीकधी नंबर एक आणि वजन भलतंच असं असतं. शिकणाऱ्या माणसाला कळायला मार्गच नाही की आपलं चुकतंय की लाइनचं. म्हणून माझं पैशाचं गणित असं आहे, जेवढं बजेट असेल त्यातले अर्धे रॉडला, पाव लाइनला, उरलेल्यात रील आणि लीडर-टिपेट (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) वगैरे. रीलवर लोक उगाच खर्च करतात. तीर्थनच्या ट्राउट माशाला रीलचं काम मुख्यतः लाइन गुंडाळून ठेवायचं, साधी गुळगुळीत चालणारी रील पुरे. एक बघून घ्या, हँडल डावीकडे करता येतं ना. वहिनी उजव्या हाताने कास्ट करणार असतील तर डाव्या हाताने रील फिरवायची सवय पहिल्यापासून लावलेली बरी, मग मासा लागल्यावर रॉडचा हात बदलावा लागत नाही.

तर मग काय घ्यायचं. नऊ फुटी, ५ वेट, मीडियम किंवा मीडियम-फास्ट अ‍ॅक्शन, चार तुकड्यांचा. ४ वेट का नाही असं विचाराल, तर निव्वळ तीर्थनपुरतं ४ सुद्धा छान आहे, जास्त नाजूक आहे, पण तुम्ही राहता खारघरला. वर्षातून एकदा हिमाचलला जाणार आणि बाकीचे महिने सराव इथेच करणार, इथे दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, त्या वाऱ्यात ५ ची लाइन बरी चालते. शिवाय जरा मोठा फ्लाय बांधायची वेळ आली तर ५ ओढून नेतो.

नावं विचारलीत म्हणून सांगते. रेडिंग्टनचा क्लासिक ट्राउट हा मऊ, खालपर्यंत वाकणारा रॉड आहे, शिकायला गोड. ऑर्व्हिसचा क्लिअरवॉटर त्याहून थोडा चपळ, रील-लाइनसकट सेटमध्येही मिळतो आणि त्या सेटमधली लाइन वापरण्यासारखी असते. एको आणि टीएफओ या कंपन्यांचेही सुरुवातीचे रॉड चांगले आहेत. बाहेरून मागवलंत तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून किंमत बरीच चढते, त्यामुळे अमेरिकेहून कोणी नातेवाईक येत असेल तर त्यांना सांगा, चार तुकड्यांच्या नऊ फुटी रॉडची नळी साधारण पाऊण मीटर असते, मोठ्या बॅगेत तिरकी बसते. आणि हीच नळी तुम्हाला कुल्लूजवळच्या भुंतरला किंवा चंदीगडला विमानाने जाताना केबिनमध्ये नेता येईल असं समजू नका, बऱ्याच विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ५५ सेंटीमीटर असते. चेक-इनमध्येच टाका, चांगल्या कडक नळीत.

पण नावं यादीतून निवडू नका ही माझी विनंती आहे. मी काय करते ते सांगते. ओळखीच्या दोघा-तिघांकडून वेगवेगळ्या अ‍ॅक्शनचे तीन रॉड मागून घ्या, एक फास्ट, एक मध्यम, एक मऊ, जमलं तर सगळे ५ वेटचे आणि सगळ्यांवर तीच एक लाइन लावून. रॉडवरचं नाव आणि नंबर कागदी चिकटपट्टीने झाका. कोणता महाग, कोणता तुमचा आवडता, हे वहिनींना कळता कामा नये, कारण कळलं की माणूस भिडेने महागड्याला चांगलं म्हणतं. प्रत्येक रॉडने पंधरा-वीस मिनिटं मैदानावर फेकू द्या, मध्ये विश्रांती. फ्लायच्या जागी लोकरीचा छोटा गोंडा बांधा, हुक अजिबात नको. आणि तुम्ही लाइन किती लांब गेली ते बघू नका, त्यांचा खांदा बघा. ज्या रॉडला खांदा वर उचलला जातो, मान ताठ होते, तो त्यांचा नाही. ज्याला त्या मध्येच बोलायला लागतात, हसतात, थांबा म्हटल्यावर अजून दोनदा टाकतात, तो त्यांचा. मी हे ज्यांच्याबरोबर केलंय त्यातल्या बहुतेक बायकांनी, आणि पुरुषांनीही, मधला किंवा मऊ निवडलाय, पण काही जणींनी फास्टसुद्धा उचललाय. बॅडमिंटन खेळलेल्या बायकांचं टायमिंग आधीच तयार असतं, त्यांना जरा चपळ रॉड आवडतो. म्हणून म्हणते की नियम नाही, हात बघा.

भेट म्हणून सरप्राइझ द्यायची इच्छा असेल तर ती मला कळते, पण वाढदिवसाला नळी गुंडाळून देण्यापेक्षा "चल, तुझा रॉड निवडायला जाऊ" हे जास्त चांगलं सरप्राइझ आहे. रॉड त्यांनी निवडलेला असला की त्या तो स्वतः जोडतात, स्वतः पुसतात, माझा रॉड म्हणतात. हा फरक मी इतक्या वेळा बघितलाय की मला तो लांबी-वजनापेक्षा मोठा वाटतो.

निवडताना ग्रिप मात्र नक्की तपासा. मुठीत धरल्यावर बोटांची टोकं तळहाताच्या गादीला हलकीच टेकली पाहिजेत. खूप आत रुतली तर ग्रिप बारीक, मध्ये मोठी फट राहिली तर जाड. जाड ग्रिप धरून ठेवायला मूठ आवळावी लागते आणि अर्ध्या तासात अंगठ्याचं मूळ दुखतं. हात लहान असेल तर निमुळती हाफ वेल्स ग्रिप घ्या, समुद्रातल्या रॉडना असते तशी दोन्हीकडे फुगीर फुल वेल्स नको. जास्तीची जाडी वाटली तर बारीक पॉलिश पेपरने कॉर्क घासून कमी करता येतं, हळूहळू, थोडं घासून परत धरून बघत. जोन वुल्फ यांच्या नावाच्या रॉडला तर अंगठा बसायला ग्रिपमध्ये खोलगट जागाच केलेली असते. वहिनी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या असतील, मनगट आधीच दुखत असेल, तर रील लावल्यावर रॉड ग्रिपच्या पुढच्या टोकाजवळ बोटावर तोलून बघा, टोकाकडे जड लागत असेल तर मनगटावर सगळा भार येतो.

लाइनमध्ये वेट फॉरवर्ड फ्लोटिंग, म्हणजे पुढच्या भागात जड आणि तरंगणारी, ५ नंबर घ्या, आणि रंग ठळक, पिवळा किंवा नारिंगी, म्हणजे हवेतली लाइन त्यांना दिसेल. लीडर नऊ फुटी ऐवजी साडेसात फुटी घ्या सुरुवातीला, तो सरळ पडतो. पुढे टिपेट ४एक्स, म्हणजे ०.१८ मिलिमीटर जाडीचा, नवीन माणसाच्या गाठीही सहन करतो आणि तीर्थनच्या ट्राउटला जाड पण होत नाही. हुकच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडने दाबून टाका, सगळ्यांचे, तुमचेही. काटा नसला की माशाला सोडणं सोपं जातं आणि स्वतःच्या कानात अडकला तरी चटकन निघतो. आणि डोळ्यांवर चष्मा, पोलराइज्ड असेल तर उत्तम, नसेल तर कोणताही, पण चष्म्याशिवाय कास्टिंग नाही.

म्हणजे खरेदीचं एकत्र सांगायचं तर नऊ फुटी ५ वेट मध्यम रॉड त्यांनी हाताने निवडलेला, त्यावर चांगली तरंगणारी लाइन, साधी रील, आखूड लीडर. एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षं मजेत जातात.

आता सराव कुठे करायचा, कारण एप्रिलला जाणार आणि आधी हात बसलाच पाहिजे, नदीवर जाऊन शिकू म्हणाल तर ते सुट्टीचे दिवस गाठी सोडवण्यात जातील. खारघरला तुमच्याकडे सेंट्रल पार्कची मोकळी हिरवळ आहे, सकाळी लवकर, लोक यायच्या आत, सुरक्षारक्षकाला सांगून, मागे-पुढे पन्नास-पन्नास फूट जागा बघून. वाशी-नेरुळच्या सेक्टरांतली गवताची मैदानंही चालतात. गवतच पाहिजे, डांबर किंवा काँक्रीटवर लाइनचं कोटिंग घासून निघतं. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं हे रविवारच्या दोन तासांपेक्षा फार चांगलं, कारण दमलेला हात चुकीचं शिकतो.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायचीय. हे रॉड ग्रॅफाइटचे असतात आणि ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे. नऊ फुटी रॉड वर धरला की हात धरून आपली उंची पंधरा फुटांच्या वर जाते, आणि आपल्याकडे ऐरोलीपासून खाडीच्या काठाने कुठे कुठे उच्चदाबाच्या तारा आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत तर २५ हजार व्होल्ट असतात. तारांच्या खाली किंवा जवळ सराव करू नका, रॉड जोडलेल्या अवस्थेत तारांखालून चालत जाऊ नका, आणि आभाळात गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवा. शिकवताना मी सगळ्यात आधी वर बघायला शिकवते, मग ग्रिप.

घरातही रॉड जोडू नका. नदीवर मोडतात त्यापेक्षा जास्त रॉड सिलिंग फॅन, लिफ्टचं दार आणि गाडीचं दार यांत मोडतात. मैदानावर जोडा, तिथेच सोडवा, आणि मध्ये मध्ये सांधे सैल झालेत का बघा, फेकता फेकता ते सुटतात आणि सैल सांध्यावर जोर आला की तिथेच तडकतो.

पाण्यावर सरावाचं विचाराल तर जपून. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ पासून संरक्षित आहे आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आला, तिथे रॉड घेऊन जायचं मनातही आणू नका. आपल्याकडचे बरेच तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात, तेव्हा काठावर उभं राहायच्या आधी संस्थेला विचारायचं, नम्रपणे विचारलं आणि सोडून देणार आहोत सांगितलं तर बरेचदा हो म्हणतात. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे रीतसर परवानगीने बसता येतं, पण पवईत मगरी आहेत, पाण्यात पाय घालायचा नाही. चिलापी हा नवीन फ्लायवाल्यासाठी फार चांगला मासा आहे, छोट्या निंफला (पाण्याखालच्या किड्यासारखा फ्लाय) येतो, ५ वेटवर छान ओढतो, आणि त्याच्यावर मासा लागणं, लाइन आत घेणं, ओल्या हाताने सोडणं हे सगळं शिकून होतं. जिताडा, रावस यांच्यासाठी पुढे कधी वाटलं तर ८ वेटचा वेगळा रॉड लागेल, तो विचार आत्ता करू नका आणि "दोन्हीला चालेल" म्हणून मधला ७ वेट तर मुळीच घेऊ नका, तो ट्राउटला जड आणि खाडीला कमी पडतो.

वहिनींनी कोकणात लहानपणी बांबूच्या काठीने गरवलं असेल तर एक वेगळा पर्यायही सुचवते, तेनकारा. जपानच्या डोंगरी नद्यांतली पद्धत, रीलच नसते, साधारण ११ ते १३ फुटी दुर्बिणीसारखी मिटणारी काठी आणि टोकाला ठरावीक लांबीची लाइन. बांबूची काठी धरलेल्या हाताला ती लगेच ओळखीची वाटते, मिटल्यावर अर्ध्या मीटरची होते म्हणजे केबिन बॅगेत बसते, आणि तीर्थनच्या दगडांमधल्या छोट्या खळग्यांसाठी फार सुंदर. ज्यांना लाइन सांभाळण्यापेक्षा पटकन पाण्याशी खेळायचंय त्यांना मी हीच देते. पण त्यांना तुमच्यासारखं कास्टिंग शिकायचं असेल, लांब लाइन हवेत उलगडताना बघायची हौस असेल, तर याने ती भागणार नाही. हे त्यांनाच विचारा.

शिकवण्याबद्दल. पहिले काही दिवस तुम्ही शिकवू नका. तुम्ही वाईट शिकवाल असं नाही, पण नवऱ्याने सांगितलेली प्रत्येक चूक घरच्या हिशोबात जाते आणि तिसऱ्या सूचनेला दोघांचा आवाज चढलेला असतो. दुसऱ्या कोणाकडून तीन-चार धडे घेऊ द्या, त्यावेळी तुम्ही पन्नास पावलांवर तुमचा स्वतःचा सराव करा. नंतर दोघांनी मिळून करा, आणि तेव्हा एका दिवसाला एकच गोष्ट सांगा. आज फक्त थांबणं. उद्या फक्त मागे वाट बघणं. मान वळवून मागची लाइन बघायला सांगा, डोळ्यांनी दिसलं की निम्मं आपोआप सुधारतं.

तीर्थनचं थोडं. हिमाचलमध्ये ट्राउटला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, एप्रिल उघडा असतो, तुमची वेळ चांगली आहे. मत्स्य विभागाचं लायसन्स दोघांच्या वेगवेगळ्या नावाने काढा, एका लायसन्सवर दोघं असं नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीच्या खालच्या पट्ट्यातच टाकायचं. एप्रिलमध्ये ऊन चढेल तसं वरचा बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं आणि गढूळ होतं, म्हणून वहिनींना पहाटे आणि सकाळीच न्या, गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू देऊ नका, दगड फार निसरडे असतात. पहिल्या दिवशी स्थानिक गाइड त्यांच्याबरोबर ठेवा, तुमच्याबरोबर नाही. तुम्हाला नदी वाचता येते, त्यांना अजून नाही, आणि गाइडचे पैसे तिथेच वसूल होतात. त्यांच्यासाठी असा पट्टा मागा जिथे मागे झाडं नाहीत आणि समोर २०-२५ फुटांवर संथ पाणी आहे, मासे लहान असले तरी चालतील.

परत आल्यावर, आणि जून लागायच्या आत, एक काम दोघांनी करा. लाइन साबणाच्या कोमट पाण्याने पुसून घ्या, कारण डास पळवायच्या क्रीममधल्या डीटने आणि सनस्क्रीनने लाइनचं कोटिंग चिकट होतं. रॉड पूर्ण कोरडा करून मगच कापडी पिशवीत घाला, आणि आपल्या पावसाळ्यात नळीचं झाकण गच्च लावून महिनोन्‌महिने ठेवू नका, आतल्या ओलीने कॉर्कला बुरशी येते आणि वार्निशला फोड येतात. नळी उघडी ठेवा, कपाटात आडवी, फॅनपासून लांब, आणि पावसाने उघडीप दिली की बाहेर काढून मैदानावर न्या, ओलं गवत लाइनला काही करत नाही.